कोंबडीच्या पोटातले जाते

चिकनच्या दुकानात ‘कलेजी-पेटा’ मागून घेणाऱ्यांना पेटा कसा दिसतो हे वेगळे सांगायला नको. दोन फुगीर, लालसर-जांभळे मांसल गोळे, त्यांना जोडणारी चकचकीत पांढरी पट्टी आणि आत पिवळी, सुरकुतलेली साल. ही साल सोलून काढल्याशिवाय पेटा शिजवता येत नाही. कुणी याला पेठा म्हणतात, कुणी पोटा. जीवशास्त्राच्या पुस्तकात याचे नाव ‘पेषणी’ असे आहे आणि ते त्याच्या कामावरून पडलेले आहे. कोंबडीला दात नाहीत. दळण्याचे काम ती इथे करते.

गावठी कोंबडीचा पेटा आणि ब्रॉयलरचा पेटा शेजारी ठेवून पाहावा. गावठी कोंबडी अंगाने लहान, पण पेटा जाड आणि घट्ट. चिरताना सुरीवर जोर द्यावा लागतो. आत भाताचे दाणे, गवताच्या काड्या आणि हमखास चार-दोन खडे निघतात. ब्रॉयलरचा पक्षी दोन किलोंचा, पण पेटा पुष्कळदा मऊ, पातळ भिंतीचा आणि आत ओल्या पिठाचा लगदा. हा फरक जातीचा आहे असे सहज वाटते आणि थोडाफार आहेही. पण त्याचे मोठे कारण खाण्यात आहे. खाण्यात काय होते यापेक्षा ते किती भरड होते, यात आहे. वसईच्या पूर्वपट्टीतल्या आणि पुढे वाड्याकडच्या शेडमध्ये ज्याला ‘पोट बिघडणे’ म्हणतात, त्याचा एक धागा या भरडपणापर्यंत जातो. तोच इथे उलगडायचा आहे.

दळण आणि आम्ल

दाणा चोचीतून गेला की प्रथम मानेच्या बुडाशी असलेल्या पिशवीत, म्हणजे अन्नपुटात, भिजतो. तिथून ग्रंथिल जठरात. येथे आम्ल आणि पेप्सिन पाझरते. हे जठर अगदी लहान असते. अन्न तिथे फार थांबत नाही. ते लगेच पेषणीत उतरते आणि खरे मिसळणे, दळणे व आम्लात मुरणे तिथे होते. पेषणीचे स्नायू मिनिटाला चार वेळांपर्यंत आकुंचन पावतात. मोठा कण दळून बारीक होईपर्यंत तिथेच अडकून राहतो. बारीक कण मात्र पुढे आतड्यात निसटतो. म्हणजे पेषणी नुसते जाते नाही, चाळणही आहे.

या अवयवाने अठराव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना चांगलेच कामाला लावले होते. पचन म्हणजे दळणे की विरघळणे, असा तेव्हा वाद होता. १७५२ मध्ये फ्रान्सच्या रेओमूर यांनी पक्ष्यांना धातूच्या नळ्या गिळायला लावल्या. दाणे खाणाऱ्या पक्ष्यांच्या पोटात नळ्या चेपल्या गेल्या. पण घारीने ओकून टाकलेली, जाळी लावलेली नळी शाबूत होती आणि तिच्या आतले मांस मात्र विरघळू लागले होते. पुढे इटलीच्या स्पालान्झानी यांनी टर्कीला टोकदार पाती रोवलेला शिशाचा गोळा दिला. पाती मोडली, पेषणीला इजा झाली नाही. वादाचे उत्तर असे निघाले की दोन्ही बाजू खऱ्या. दळणेही हवे आणि आम्लही. कोंबडीत ही दोन्ही कामे एकमेकांवर अवलंबून आहेत, हे आज विसरले जाते.

मॅश, क्रंबल, पेलेट

गावठी कोंबडीला परसात जे मिळेल ते अख्खे मिळते. व्यापारी पालनात तसे चालत नाही. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वर हॅचरीज उभी केली, पुढे पुणे या धंद्याचे मोठे केंद्र झाले आणि कोंबडीपालन परसातून शेडमध्ये आले. आज चाळीसेक ग्रॅमचे पिल्लू पाच-सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाते. उत्पादनखर्चातला ६५ ते ७० टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. त्यामुळे खाद्यातला प्रत्येक कण पक्ष्याच्या अंगी लागावा, ही धडपड स्वाभाविक आहे.

खाद्य तीन रूपांत येते. मका, सोयाबीनची पेंड, खनिजे दळून नुसती मिसळली तर मॅश. हेच मिश्रण वाफेवर तापवून साच्याच्या भोकांतून दाबून काढले तर पेलेट, म्हणजे आखूड कांड्या. पेलेट फोडून लहान पिलांसाठी केलेला चुरा म्हणजे क्रंबल.

पेलेटने बाजी मारली याला सबळ कारणे आहेत. मॅश दिले तर पक्षी मक्याचे कण निवडून खातो आणि भुकटी भांड्यात ठेवतो. जीवनसत्त्वे आणि खनिजे नेमकी त्या भुकटीत असतात. पेलेटमध्ये निवडायला वाव नाही. सांडलवंड कमी, धूळ कमी. पक्ष्याचा खाण्यातला वेळ वाचतो, तो जास्त खातो आणि लवकर वाढतो. हे सारे खरे आहे. पेलेट वाईट, असे म्हणण्याचा या लेखाचा हेतू नाही.

हाताला भरड, पोटात पीठ

अडचण पुढे आहे. पेलेट हातात घेतला की टणक, खरखरीत लागतो. एवढा कडक दाणा म्हणजे पेट्याला भरपूर काम, असे वाटते. पण अन्नपुटातल्या ओलाव्याने पेलेट थोड्या वेळात सुटतो आणि पेषणीला मिळते ते पेलेट होण्यापूर्वीचे मिश्रण. ते किती बारीक दळले होते, यावर सगळे ठरते. घट्ट, न फुटणारा पेलेट हवा म्हणून कारखान्यात धान्य बारीक दळण्याकडे कल असतो. शिवाय पेलेटच्या यंत्रातून जाताना उरलेसुरले जाड कणही चिरडले जातात. म्हणजे खाद्याचे रूप आणि खाद्याचा पोत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रूप डोळ्यांना दिसते. पोत फक्त पेषणीला कळतो.

काम नसलेला स्नायू आक्रसतो, पेषणीही तशीच. बारीक पिठाला अडवायचे कारणच नसल्याने ते जवळजवळ सरळ आतड्यात उतरते. आम्लात मुरायला वेळ मिळत नाही, प्रथिनांवर पेप्सिनचे काम अर्धवट राहते. न पचलेली प्रथिने आतड्याच्या शेवटच्या भागात पोहोचली की तिथल्या नको त्या जिवाणूंची चंगळ होते; क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा त्यांतला बदनाम. विष्ठा पातळ होते, खालचे लिटर ओले होते, त्यातून अमोनिया सुटतो, पायांना जखमा होतात.

उलट बाजूने पाहू. नॉर्वेतल्या ओस येथील विद्यापीठातले बिर्गेर स्विहुस यांनी २०११ मध्ये पेषणीवरच्या संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. खाद्यात भरड घटक वाढवले की पेषणीचा आकार दुप्पट होण्यापर्यंत वाढू शकतो आणि तिच्यातला सामू ०.२ ते १.२ अंकांनी उतरतो, म्हणजे आम्लता वाढते, असे त्यांनी नोंदवले. सामूतला एक अंक म्हणजे आम्लतेत दहा पट फरक. तेव्हा हा बदल किरकोळ नाही. आतड्याच्या सुरुवातीचे अन्न पुन्हा पेषणीत ओढून घेण्याची पक्ष्यांची सवयही भरड खाण्याने बळावते. पुन्हा दळण, पुन्हा मुरणे. न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातील रवींद्रन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मका व ज्वारीवर आधारित खाद्यासाठी सरासरी ६०० ते ९०० मायक्रॉन कण योग्य ठरवले. सरासरीइतकाच महत्त्वाचा मुद्दा असा की धान्यातले निदान वीस-तीस टक्के कण एक मिलिमीटरहून मोठे असावेत. आपल्या भाषेत सांगायचे तर पिठात थोडा भरडा राहू द्यावा.

औषधाशी असलेला संबंध

युरोपात हा विषय पुढे येण्यामागे एक कारण औषधांचे होते. वाढीसाठी खाद्यात थोडी थोडी प्रतिजैविके घालण्यावर युरोपीय संघाने २००६ पासून पूर्ण बंदी आणली. आतड्याचे आरोग्य औषधाविना राखायचे तर आम्लाचा हा नैसर्गिक उंबरठा मजबूत करणे भाग होते. डेन्मार्कमध्ये खाद्यात अख्खा गहू मिसळून प्रयोग झाले. अशा पक्ष्यांच्या पेषणीत साल्मोनेला कमी सापडला. आपल्याकडे केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. माणसाच्या गंभीर संसर्गांत डॉक्टरांच्या हाती शेवटी उरणारे हे औषध शेडमध्ये खर्ची पडत होते. म्हणून कोंबडीच्या पेट्याची चर्चा ही केवळ कोंबडीवाल्यांची राहत नाही.

तरी भरडपणाला सर्व रोगांवरचा इलाज समजू नये. कॉक्सिडिया या परजीवीच्या बाबतीत प्रयोगांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत, आणि कुजका मका भरडला तरी कुजकाच राहतो.

तुसाची गोष्ट

आता आपल्या भागातली गोष्ट. उत्तर कोकण भाताचा. गिरणीवर भात भरडला की तूस निघते आणि शेडमध्ये पक्ष्यांखाली तेच पसरतात. पक्षी हे तूस टोचून खातात. भांडी भरलेली असतानाही खातात. पुष्कळ शेडवाले त्याला पक्ष्यांची खोड समजतात. नॉर्वेत लाकडाच्या भुशावर वाढणाऱ्या पक्ष्यांच्या पेषणीत हा भुसा सापडला आणि त्याचा परिणाम ओटच्या तुसासारखाच, म्हणजे पेषणी वाढवण्याचा, दिसला. खाद्यात न मिळालेला भरडपणा पक्षी पायाखालून उचलतो.

पण लिटरमधले तूस हा चांगला मार्ग नव्हे. त्यात विष्ठा असते, कॉक्सिडियाची अंडकोष्ठे असतात, पावसाळ्यात बुरशी असते. तूस स्वच्छ, कोरडे आणि मोजून खाद्यातूनच गेलेले बरे. माद्रिदमध्ये गोन्झालो मातेओस यांच्या गटाने ओटचे तूस तीन टक्क्यांच्या आसपास घालून पचन सुधारल्याचे दाखवले. आपल्याकडे ओट नाही, भाताचे तूस आहे. त्यावरही प्रयोग झालेले आहेत. प्रमाण वाढले की खाद्याची ऊर्जा घटते, म्हणून हात आखडता हवा. शिवाय तूस आणि कोंडा यांत गल्लत नको. कोंडा मऊ आणि बारीक. तो पेषणीत थांबत नाही.

शेडमध्ये काय पाहावे

आपल्या भागातले अनेक शेतकरी कंत्राटी पद्धतीने पक्षी वाढवतात. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, मेहनत शेतकऱ्याची. एक किलो वजनासाठी किती खाद्य लागले, म्हणजे एफसीआर, यावर त्याचा मोबदला कमी-जास्त होतो. ज्या खाद्याची निवड त्याच्या हातात नाही, त्याच्या पचनाचा हिशोब मात्र त्याच्या नावावर लागतो. हा पेच केवळ ज्ञानाने सुटणार नाही. पण प्रश्न नेमका विचारता आला तर बोलणे बदलते.

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर पेलेट कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावे, हलवून सुटे करावे आणि रव्याच्या चाळणीवर ओतून वरून पाणी सोडावे. चाळणीत मक्याचे कण रव्या-कण्यांसारखे उरले तर खाद्यात पोत आहे. सगळेच चिखल होऊन वाहून गेले तर पेलेट कितीही टणक असो, पेषणीला ते पीठच. ही चाचणी प्रत्येक नव्या खेपेला करून तारीख लिहून ठेवावी.

दुसरी खूण पेटा स्वतः. पशुवैद्य मृत पक्षी तपासतात तेव्हा आतड्याबरोबर पेटाही पाहायला सांगावे: भिंत जाड की सैल, आत काय आहे, पिवळी साल अखंड की खरवडलेली. मात्र अचानक खूप पक्षी मेले तर कुणीही पक्षी उघडू नये. पशुसंवर्धन खात्याला कळवावे. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरपाठोपाठ वसई-विरारमध्येही बर्ड फ्लू आढळला होता, याचा विसर पडू नये.

जे शेतकरी स्वतः खाद्य तयार करतात, त्यांच्या हातात याहून जास्त आहे. दळणयंत्राची मोठ्या भोकांची जाळी हा सर्वांत स्वस्त बदल. त्यात वीजही कमी लागते. मोठ्या पक्ष्यांना खाद्याचा थोडा भाग अख्ख्या ज्वारीच्या रूपाने देता येतो. ज्वारीचा दाणा चोचीला बेताचा असतो. कोणताही बदल हळूहळू करावा, कारण आक्रसलेली पेषणी काम अंगावर घ्यायला काही दिवस घेते.

गेल्या काही दशकांत आपण पक्ष्याच्या वाढीचा वेग वाढवला आणि त्याला सोपे जावे म्हणून दळणही बाहेरच उरकून दिले. पण पेषणीचे दळणे हा पचनातला फुकटचा श्रम नव्हता. अन्न थोपवणे, त्याला आम्लात मुरवणे, जंतूंना अडवणे ही कामे त्या श्रमालाच जोडलेली होती. श्रम काढून घेतला तेव्हा तीही ढिली पडली, आणि त्यांची भरपाई आपण औषधाच्या बाटलीतून करत राहिलो. मूठभर भरडा आणि चिमूटभर तूस ही त्याहून स्वस्त भरपाई आहे.