‘देवाचा दरबार’ : टिळकांच्या मनातले शिष्यत्व

१९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात एका पंक्तीला बसणार होते. मिशनच्या शिरस्त्यात बाप्तिस्म्याने माणूस मंडळीत येई आणि तिथून पुढचा हिशेब सुरू होई. टिळकांनी तो उंबरठाच बाजूला ठेवला. भक्ती खरी असेल तर नोंदवहीत नाव चढण्याची वाट कशाला पाहायची, असा हा विचार. नोंदवह्या सांभाळणाऱ्यांना तो मानवणे कठीणच होते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन कवीने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यापायी घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. परतल्या तेव्हाही सोवळेओवळे घेऊनच. जातिभेद माणसांनीच केले, हे त्यांना उमगले ते स्वतःच्या विचाराने, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रातला हा भाग धर्मप्रसाराच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवतो.

प्रसाराचे टिळकांचे साधन होते अभंग आणि कीर्तन. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत. त्यामुळे इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांच्या शेजारी मराठी मंडळ्यांत टाळ-मृदंगाला साजेशी भजने आली. त्यांतली कित्येक आजही उपासनेत म्हटली जातात. दरबाराला मात्र फार काळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले. ख्रिस्तचरित्रावरचे त्यांचे महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले आणि त्याचे उरलेले बहुतांश अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

टिळकांच्या विचाराचा धागा पुढे एका इंग्रजाने उचलला. नगर भागात काम केलेले अँग्लिकन धर्मगुरू जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापला आणि पुढच्याच वर्षी टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. काही वर्षांनी संघ पुण्यात आला. इथले गोरे सभासद खादी नेसत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवत. सत्तेच्या जातीतल्या माणसांना शिष्यत्व सिद्ध करायला आधी साहेबपणा उतरवावा लागतो, एवढे त्यांना कळले होते.

१९२७ मध्ये तरुण इंग्रज धर्मगुरू व्हेरियर एल्विन याच संघात दाखल झाले. १९३२ साली ते तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले, पण त्यांचे धर्मांतर करायला तयार नव्हते. नागपूरच्या बिशपांनी त्यांना धर्मगुरू म्हणून काम करण्याचा परवाना नाकारला आणि पुढे एल्विन यांनीच चर्च सोडले.