कामाच्या ठिकाणी केवळ सीपीआर की संपूर्ण प्रथमोपचार?

हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर ठरावीक लयीत दाब देऊन मेंदूचा रक्तपुरवठा चालू ठेवण्याच्या क्रियेला सीपीआर म्हणतात. प्रथमोपचाराचा आवाका याहून बराच मोठा आहे. रक्तस्राव, भाजणे, हाड मोडणे, विजेचा धक्का, आकडी, सर्पदंश, उष्माघात अशा प्रसंगी वैद्यकीय मदत येईपर्यंत काय करावे आणि काय टाळावे, हे त्यात शिकवले जाते. सीपीआर हा त्यातलाच एक भाग. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊ पाहणाऱ्या आस्थापनेपुढे बहुधा दोन पर्याय असतात : काही तासांचा सीपीआर वर्ग, किंवा एक-दोन दिवसांचा संपूर्ण प्रथमोपचार वर्ग.

छाती न उघडता बाहेरूनच दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे 1960 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिले. आज रूढ असलेली पद्धत अशी : प्रौढ व्यक्ती हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि तिचा श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 या गतीने, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाब द्यायचा. प्रशिक्षित व्यक्ती दर 30 दाबांनंतर 2 कृत्रिम श्वास देते. हृदय थांबल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. त्यामुळे रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हातच कामी येतात. भारतात सर्वसामान्यांसाठी फक्त छातीदाबावर आधारलेली ‘कोल्स’ ही सोपी पद्धतही शिकवली जाते. हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र कसे वापरायचे, हे बहुतेक सीपीआर वर्गांत दाखवतात.

सीपीआर वर्गाला कमी वेळ लागतो आणि एकाच दिवसात अनेक जण ते शिकू शकतात, हे त्याचे बलस्थान. पण त्याची मर्यादाही ठळक आहे. हृदयविकाराचा झटका आलेला माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलत असतो. अशा वेळी त्याच्या छातीवर दाब द्यायचा नसतो. त्याला आराम वाटेल असे बसवून तातडीने रुग्णालयात पोहोचवायचे असते. यंत्रात हात सापडला, अंगावर आम्ल उडाले किंवा मचाणावरून कोणी पडले, तर निव्वळ सीपीआर शिकलेल्याचा फारसा उपयोग होत नाही.

हे बाकीचे ज्ञान संपूर्ण वर्गात मिळते. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाब देणे, भाजलेला भाग सुमारे 20 मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरणे, डोळ्यात रसायन गेल्यास तो भरपूर पाण्याने धूत राहणे, शॉक बसलेल्याला हात लावण्याआधी वीजपुरवठा तोडणे, हे सारे प्रत्यक्ष करून शिकावे लागते. काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा हळद लावणे, आकडी आलेल्याच्या तोंडात चमचा घालणे, साप चावलेल्या जागी चीर देणे यांमुळे इजा वाढते.

कारखान्यांच्या बाबतीत कायद्यानेही या प्रश्नाकडे लक्ष दिले. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 45 नुसार दर 150 कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारी प्रमाणपत्रधारक व्यक्ती कामाच्या वेळात हजर असणे बंधनकारक करण्यात आले. 500 हून अधिक कामगार असतील, तिथे रुग्णवाहिका कक्षाची तरतूद झाली. या तरतुदीत प्रमाणपत्र मागितले होते ते प्रथमोपचाराचे. नुसते सीपीआर शिकून ती अट पूर्ण होत नव्हती.

निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कामातला धोका : औद्योगिक वसाहतीतला कारखाना, बांधकाम, स्वयंपाकघर, प्रयोगशाळा किंवा शेतमाल प्रक्रिया केंद्र असेल, तर संपूर्ण प्रशिक्षणाला पर्याय नाही. दुसरी, रुग्णालयाचे अंतर : शहरातल्या कार्यालयापेक्षा घाटातल्या किंवा आडगावच्या प्रकल्पावर मदत पोहोचायला जास्त वेळ लागतो, म्हणून तिथे अधिक सखोल तयारी लागते. तिसरी, तिथे येणारी माणसे : शाळा आणि पाळणाघरांत मुलांच्या घशात काही अडकण्याचा धोका असतो, तर व्यायामशाळेत आणि सभागृहात हृदय बंद पडण्याचा. लहान मुले आणि बुडालेल्या व्यक्ती यांना कृत्रिम श्वासांची विशेष गरज असते. म्हणून शाळा व जलतरण तलावांवर फक्त छातीदाब शिकवणे अपुरे ठरते.

बहुतेक आस्थापनांसाठी दोन्हींचा मेळ घालणेच शहाणपणाचे आहे. प्रत्येक पाळीत किमान दोघांना संपूर्ण प्रथमोपचार यावा, म्हणजे एक जण रजेवर असला तरी अडत नाही. उरलेल्या सर्वांना सीपीआर शिकवावे. वर्ग निवडताना पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव आहे का, हे आधी विचारावे. नुसत्या चित्रफिती पाहून हाताला दाबाचा अंदाज येत नाही. शिकलेले काही महिन्यांतच विसरू लागते, म्हणून प्रमाणपत्राची मुदत संपण्याची वाट न पाहता अधूनमधून उजळणी करावी. पेटी कुठे आहे, प्रशिक्षित कोण आहे आणि 112 किंवा महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर फोन कोणी करायचा, हे भिंतीवर लिहून ठेवावे.

पैसा आणि वेळ अपुरा असेल, तर सुरुवात सीपीआरने करायला हरकत नाही. मात्र जिथे हाताने, यंत्राने किंवा आगीजवळ काम चालते, तिथे तेवढ्यावर थांबू नये. तिथल्या कामगाराला संपूर्ण प्रथमोपचार जाणणारा सहकारी जवळ मिळायलाच हवा, आणि ती व्यवस्था करण्याची जबाबदारी मालकाची आहे.