मांडवीकाठी थांबलेले रणगाडे

१९ डिसेंबर १९६१ च्या रात्री आपल्या मुरगाव तालुक्यात, वास्को येथे, गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागतीपत्रावर स्वाक्षरी केली आणि साडेचारशे वर्षांची राजवट संपली. त्या मोहिमेत रणगाडेही होते, हे अनेकांना ठाऊक असते. त्यांचे पुढे काय झाले, याची विचारपूस मात्र क्वचितच कोणी करतो.

रणगाडा हे वाहन मुळात जमिनीवरच्या अडचणीतून जन्मले. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर दोन्ही सैन्ये खंदकांत रुतून बसली होती. काटेरी तारा आणि मशीनगन यांपुढे माणूस टिकेना. तेव्हा शेतीच्या ट्रॅक्टरला असतो तसा लोखंडी पट्टा लावून इंग्रजांनी एक पोलादी पेटारा तयार केला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर तो प्रथम अवतरला. वजन २८ टन, आत ८ माणसे आणि वेग भरभर चालणाऱ्या माणसाइतका! त्यांतले पुष्कळसे वाटेतच बिघडून बसले. परंतु शत्रूच्या मनात भय शिरले ते शिरलेच. पुढच्याच वर्षी फ्रेंचांच्या रेनॉ रणगाड्याला चोहोकडे फिरणारा तोफबुरूज मिळाला आणि आजच्या रणगाड्याचे रूप ठरून गेले.

गुप्तता राखण्यासाठी या यंत्राला ‘टँक’, म्हणजे पाण्याची टाकी, असे खोटे नाव दिले होते. गंमत अशी की या इंग्रजी शब्दाचा संबंध कोशकार आपल्याकडील ‘टाके’ आणि पोर्तुगीज ‘तांक’ या दोहोंशी जोडतात. आपला ‘रणगाडा’ हा शब्द त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगिजांजवळ येथे चिलखती मोटारी होत्या, रणगाडा एकही नव्हता. तरीही सीमेलगत त्यांचे अवजड रणगाडे दडून आहेत अशी खोटी वार्ता भारतीय सैन्यापर्यंत पोचली होती, आणि १८ डिसेंबरच्या पहाटे चार वाजता डिचोली भागात तोफांचा पहिला मारा झाला तो या न असलेल्या रणगाड्यांवर! पोर्तुगिजांचे उत्तर तोफेचे नव्हते, सुरुंगाचे होते. पाऊण तासाच्या आत डिचोलीचा पूल उडाला. पाच वाजता कोलवाळचा आणि अस्नोड्याचा. ज्या पुलांवरून रोज बाजारहाट चाले, ते एका पहाटेत नाहीसे झाले.

पट्ट्यामुळे रणगाड्याचे वजन मोठ्या क्षेत्रावर विभागले जाते, म्हणून तो चिखलातूनही वाट काढतो. पुलावर मात्र ते सारे वजन एकदम येते. आणि पूलच नसेल तर खोल नदीपुढे त्याचा इलाज खुंटतो. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची पश्चिमेकडील तुकडी रणगाड्यांसह थिवीमार्गे त्याच दिवशी बेतीला पोचली. समोर पणजीचे दिवे, मध्ये मांडवी. त्या काळी तेथे पूल नव्हताच, फेरीबोट होती. रात्र तेथेच काढावी लागली. १९ च्या सकाळी पायदळाच्या दोन कंपन्यांनी नदी ओलांडली आणि राजधानी हाती आली. तिकडे पूर्वेकडून निघालेल्या ४ शीख पलटणीला बोरीचा पूल तुटल्याने जुवारी पार करून पुढे छातीएवढ्या पाण्यातून चालावे लागले. तीच पलटण पुढे मडगाव, वेर्णे करीत मुरगावास आली.

रणगाडे थांबले म्हणून त्यांच्या माणसांवरचे संकट टळले असे नव्हे. आग्वादच्या किल्ल्यात राजकीय कैदी होते. त्यांच्या सुटकेसाठी गेलेले ७ व्या लाइट कॅव्हलरीचे मेजर सिद्धू तेथे धारातीर्थी पडले. दीड दिवसाची मोहीम ‘सहज’ झाली असे म्हणताना हे नाव आठवावे, असे मला वाटते.

या वाहनांची वंशावळ ज्यांना डोळ्यांनी पाहायची असेल त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, जावे. रणगाडादलाचे प्रशिक्षणकेंद्र तेथे आहे आणि त्याच्या संग्रहालयात पाकिस्तानकडून काबीज केलेले पॅटनही उभे आहेत.

सगत सिंगांची मात्र नदीशी पुन्हा एकदा गाठ पडली. डिसेंबर १९७१ मध्ये पूर्व बंगालात ते मेघनेच्या काठी उभे होते. पाट मांडवीहून कितीतरी रुंद आणि त्यावरचा पूल याही वेळी उडवलेला. या खेपेस त्यांनी रात्र काठावर काढली नाही. हेलिकॉप्टरांतून त्यांनी आपले जवान पैलतीरी उतरवले.