चौकोनी भोकाची करामत

जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीहून पश्चिमेला, छत्रपती संभाजीनगरच्याही पलीकडे वेरूळ आहे. तिथल्या दहाव्या लेण्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. सातव्या शतकातले हे चैत्यगृह. छताकडे मान वर केली की एकामागून एक बरगड्या दिसतात, जणू लाकडाचे वासे वाकवून बसवलेत. प्रत्यक्षात सगळा एकसंध काळा दगड. त्या बरगड्या कसलाही भार पेलत नाहीत. कोरणाऱ्यांच्या डोळ्यांत लाकडी घर इतके मुरले होते की दगडातही त्यांनी तेच उभे केले. फक्त एका गोष्टीला दगडात उतरण्याचे कारणच नव्हते. लाकडाला लाकूड धरून ठेवणारा जोड.

तो जोड पाहायचा तर टेंभुर्णीसारख्या गावातल्या जुन्या माळवदाच्या घरात जावे. दगडी तळखड्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तिच्यावर कड्या, कड्यांवर पाट आणि वर फूट-दोन फूट मातीचा थर. पावसात ती माती भिजली की ओझे आणखी वाढते. हे सगळे तोलणाऱ्या खांबाच्या डोक्यावर एक छोटा चौकोनी खुंट राखलेला असतो. हे कुसू. ते तुळईच्या पोटातल्या तेवढ्याच चौकोनी भोकात शिरते. मला सगळ्यात नवल वाटते ते याचे, की छताचा भार कुसवावर नसतोच. तो खांबाच्या खांद्यांवर, म्हणजे कुसवाभोवतीच्या सपाट जागेवर उतरतो. कुसवाचे काम एकच: खांब जागचा सरकू न देणे.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर-धाराशिव भागात दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. पण काही घरांत भिंती पडूनही आतला खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. पुढे अशी घरे बळकट करताना खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके टेकू ठोकण्याचा सल्ला दिला गेला, कारण आडवा हिसका आला की सगळा ताण त्या एवढ्याशा सांध्यावर येतो. तिथे भोक सैल असेल तर खांब डुलतो. भोकाच्या भिंती पातळ राहिल्या असतील तर तुळईच चिरते.

म्हणजे भोक नेमके हवे, आणि ते पाडायचे लाकडासारख्या हट्टी वस्तूत. लाकूड हा लांब, बारीक नळ्यांचा जुडगा आहे. नळ्यांच्या दिशेने ओढले तर ते जेवढा तग धरते, त्याच्या एक विसांश जोरातही अनेक जातींचे लाकूड आडव्या ओढीने फाटते. म्हणून हत्याराची धार रेषांच्या आडवी धरायची: आधी तंतू तोडायचे, मग ढलपी उचलायची. धार रेषांच्या दिशेने धरून घाव घातला तर हत्याराची पाचर होते आणि पाहता पाहता तुळई उभी फाटते.

दाराच्या चौकटीतले भोक अरुंद आणि खोल असते. त्यासाठी किंकरे. पाते रुंदीला कमी, पण जाडीला भरपूर. ही जाडी उगीच नाही. ढलपी उपटताना हत्यार तरफेसारखे दाबावे लागते आणि पाते दुप्पट जाड केले तर ते वाकवायला आठपट जोर लागतो. शिवाय जाड पात्याच्या बाजू भोकाच्या भिंतींना लागून चालतात, त्यामुळे किंकरे सरळच उतरते. भोकाची रुंदी म्हणजे किंकऱ्याची रुंदी. दुसऱ्या मापाची गरज उरत नाही. सुतार मधून सुरुवात करतो, तीन-चार मिलिमीटरच्या पावलांनी मागे सरकतो आणि दोन्ही टोकांची शेवटची रेघ अगदी अखेरपर्यंत राखतो, कारण तरफ टेकून टेकून ती कड चेंगरलेली असते. भोक आरपार असेल तर अर्धे या बाजूने, अर्धे त्या बाजूने. एकाच बाजूने पार गेले तर पलीकडे लाकूड कोथळ्यासारखे फुटून बाहेर येते.

पटाशीचे पाते पातळ. तिने भिंत तासावी, तरफ करू नये. ढलपी उपटायला वापरली की पात्याचा टवका उडतो. मात्र तुळईतले भोक दीड-दोन इंच रुंद असते. एवढ्या रुंदीचे किंकरे लाकडात घालायला प्रचंड घाव लागतील. तिथे आधी गिरमिटाने ओळीने गोल भोके पाडून बरेचसे लाकूड काढून टाकायचे आणि रुंद पटाशीने भिंती, कोपरे साफ करायचे. रुंदीचा जुना अंदाज म्हणजे लाकडाच्या जाडीचा तिसरा हिस्सा: एक वाटा कुसवाला, दोन वाटे भोकाच्या दोन भिंतींना.

माझ्या मते सगळ्यात अवघड काम बैलगाडीच्या चाकाचे. मधोमध बाभळीचा गोल तुंबा, त्यावर भोवतीने आऱ्यांची भोके, दोन भोकांमध्ये बोटभर लाकूड, आणि प्रत्येक भोकाचा रोख नेमका आसाच्या रेषेकडे. मग बाहेरून लोखंडी धाव तापवून चढवतात. साडेचार फुटी चाकाची धाव सहाशे अंशांनी तापली तर घेरात सुमारे तीन सेंटिमीटर वाढते. पाणी ओतले की ती आवळते आणि सगळे आरे एकदमच तुंब्यात खोल दाबले जातात. एक भोक जरी तिरके असेल तर त्या क्षणी आरा मोडू शकतो.

कुसू-भोकाचे हे कौशल्य लोखंडापेक्षा कितीतरी जुने आहे. जर्मनीत लाइपझिगजवळ सापडलेल्या ओक लाकडाच्या विहिरींचे जोड सात हजार वर्षांपूर्वीचे आहेत. खोडातली वर्षवलये मोजून हे वय ठरले. हत्यारे दगडाची, तरी कुसू भोकात बसते! आपल्याकडे गावचा लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यातून किंकरे घडवतो. हेलकावे सोसण्यासाठी बनवलेले ते पोलाद घाव आणि तरफ दोन्ही झेलते. कारखान्यात आता चौकोनी नळीच्या आत फिरणारे गिरमीट एका दाबात चौकोन पाडते आणि मोठ्या तुळयांसाठी साखळीचे यंत्र आहे. ही यंत्रे सरळ रंधलेल्या लाकडावर छान चालतात. वाकड्या, पीळ पडलेल्या बाभळीच्या खांबावर मी अजून हाताच्या हत्यारावरच विश्वास टाकेन.

जालन्याच्या कारखान्यांतल्या सळईने घरांतून खांब-तुळया केव्हाच हटवल्या आणि जुना साग वखारीत रचून विकला जातो. अशी तुळई समोर आली तर भोकाच्या तळाशी टॉर्च मारा. गोल खळगे दिसले तर गिरमीट आधी चालले. आडव्या पायऱ्या असतील तर सगळे काम किंकऱ्याचे. तळ पाळण्यासारखा वळलेला असेल तर तिथे साखळी फिरली आहे आणि ते भोक नवे आहे, विकणारा लाकूड कितीही जुने सांगो.