पासष्ट हजार हरकती

२०१५च्या फेब्रुवारीत मुंबई महानगरपालिकेनं शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा नकाशा लोकांपुढे ठेवला आणि सांगितलं, काही चुकत असेल तर साठ दिवसांत लेखी कळवा. लोकांनी कळवलं. सुमारे ६५ हजार हरकती आणि सूचना आल्या. साठ दिवस पुरे व्हायच्या आतच, २१ एप्रिलला, राज्य सरकारनं हा आराखडा चार महिन्यांत दुरुस्त करून आणा, असा आदेश दिला. सव्वा कोटी वस्तीचं शहर, काही वर्षं खपून तयार केलेले नकाशे, पगारी सल्लागार, आणि हे सगळं परत फिरवलं ते प्रामुख्यानं साध्या कागदावरच्या अर्जांनी! आपल्याकडे सरकारदरबारी अर्जाचं काय होतं हे ठाऊक असलेल्या माणसाला यात चमत्कार वाटला नाही तरच नवल.

ज्याला सगळे ‘डीपी’ म्हणतात तो विकास आराखडा दिसायला निरुपद्रवी असतो. पिवळा रंग रहिवासाचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा बागा-मैदानांचा. पण हे रंग माणसांची नशिबं फिरवतात. पुण्याच्या आसपास ‘जमीन येलो झोनमध्ये आली’ ही बातमी सोयरीक जुळवताना हळूच कानावर घातली जाते. उलट कुणाच्या प्लॉटवर शाळेचं किंवा दवाखान्याचं ‘आरक्षण पडलं’ की त्या घरावर सुतकी कळा येते. नकाशावरची रस्त्याची रेघ अर्धा सेंटिमीटर सरकली तर जमिनीवर कुणाचं स्वयंपाकघर जातं, कुणाचं वाचतं. मंजुरीनंतर हा नकाशा कायद्याच्या ताकदीनं चालतो. मंजुरी यायची असते तेव्हाही तो अगदीच निर्जीव नसतो, कारण बांधकामाला परवानगी देताना पालिकेला प्रारूप आराखड्याकडेही बघावं लागतं.

या सगळ्याच्या मुळाशी आहे ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६’. नाव वाचूनच झोप यावी असा कायदा, पण त्याच्या पोटात कलम २६ आणि २८ आहेत. कलम २६ म्हणतं, प्रारूप तयार झालं की राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत जाहीर करा, नकाशे पाहायला ठेवा, लोकांकडून हरकती व सूचना मागवा. कलम २८ म्हणतं, मुदतीत ‘कोणत्याही व्यक्तीनं’ लेखी काही कळवलं तर त्याचा विचार झाला पाहिजे. ती व्यक्ती जमिनीची मालक असली पाहिजे, असं कुठंही लिहिलेलं नाही. करदाती असली पाहिजे असंही नाही. झोपडीत भाड्यानं राहणारी बाई, कॉलेजचा पोरगा, भाजीची पाटी घेऊन बसणारा माणूस, यांपैकी कुणालाही मलबार हिलवरच्या मैदानाबद्दल किंवा मुलुंडच्या रस्त्याबद्दल हरकत घेता येते. वकील लागत नाही, स्टॅम्पपेपर लागत नाही. आपल्या शेजाऱ्याच्या भिंतीबद्दल दिवाणी कोर्टात जायचं तर आधी तुमचा संबंध काय ते सिद्ध करावं लागतं. इथं सगळ्या शहराशी तुमचा संबंध गृहीतच धरला आहे.

अर्ज कसा असतो? समजा, नकाशाच्या शीटवर एका वाडीतून नवा नऊ मीटरचा रस्ता काढलाय. वाडीतला माणूस नगर भूमापन क्रमांक लिहितो, वॉर्ड लिहितो, शीटचा क्रमांक लिहितो. मग खाली: ‘सदर जागेवर सार्वजनिक विहीर आहे. ती आपल्या नकाशात दाखवलेली नाही. प्रस्तावित रस्ता विहिरीवरून जातो. तरी सदर रस्ता रद्द करावा अथवा पूर्वेकडे वळवावा, ही विनंती.’ सोबत मिळकत पत्रिकेची प्रत आणि विहिरीचा फोटो. दोन प्रती काढायच्या, एक खिडकीत द्यायची, दुसरीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायचा. ही पोचपावती जिवापाड जपायची, असं या कामात मुरलेले लोक पहिल्यांदा बजावतात. नऊवारीइतकी लांबलचक तक्रार लिहिण्यापेक्षा ही चार वाक्यं भारी पडतात, कारण समोरच्या अधिकाऱ्याला नेमकी रेघ सापडते.

२०१५च्या प्रारूपात अशा रेघा भरपूर सापडल्या. उभ्या इमारतींवरून, वारसा म्हणून जपलेल्या वास्तूंवरून रस्ते गेलेले. अनेक कोळीवाडे आणि गावठाणं त्यांच्या हद्दींसह दिसतच नव्हती. म्हणजे मुंबई मुंबई होण्याआधीपासून जे इथं राहतात, तेच नकाशातून गायब. रेल्वे स्टेशनांच्या आसपास काही ठिकाणी एफएसआय थेट आठपर्यंत नेण्याचा विचार होता. एफएसआय आठ म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या आठपट बांधकाम. त्या गर्दीला पाणी कुठून येणार, सांडपाणी कुठं जाणार, हे विचारायला वास्तुविशारद असायची गरज नव्हती. आणि गोरेगावच्या आरे कॉलनीचा हिरवा पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा तर एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या संस्था एका बाजूला उभ्या राहिल्या. ‘हमारा शहर मुंबई अभियान’सारखे गट आणि नगररचनेचे अभ्यासक यांनी लोकांना नकाशे वाचायला शिकवलं होतं. ती मेहनत आधीची दोन-तीन वर्षं चालू होती. ६५ हजारांचा आकडा साठ दिवसांत आकाशातून पडला नाही.

पण एवढ्या चुका झाल्याच कशा? मला यातली खरी गंमत इथं वाटते. नकाशासाठी वरून काढलेल्या चित्रात छप्पर दिसतं, छपराखाली बालवाडी भरते की गोडाऊन आहे ते दिसत नाही. मोकळी जागा दिसते, पण तिथं जाळी सुकत घालतात, होळी पेटते, पावसाळ्यात तिच्यावरूनच पाणी वाहून जातं, हे त्या गल्लीतल्या माणसालाच ठाऊक. म्हणून हरकतींचा तो ढिगारा मला तक्रारपेटी वाटत नाही. पालिकेला जी पाहणी करता आली नव्हती, ती लोकांनी फुकटात करून दिली, गल्लीगल्लीनं, आपापल्या हस्ताक्षरात.

ही कल्पना काही आजची नाही. पॅट्रिक गेडीस नावाचा स्कॉटिश विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आला. पुढच्या वर्षी त्यानं मुंबई इलाख्यातल्या ठाणे, वांद्रे, सुरत अशा गावांचे अहवाल लिहिले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. आधी गावात पायी हिंडा, माणसं कशी जगतात ते पाहा, मग पेन्सिल उचला, हा त्याचा हेका होता. सरळ रेघ मारून अख्खी आळी पाडणाऱ्या इंजिनिअरांचा त्याला भयंकर राग. होळकरांच्या इंदुरात तर त्यानं कमाल केली. प्लेगानं गाव त्रस्त होतं. गेडीसनं दिवाळीला मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि बातमी पसरवली की मिरवणूक नेहमीच्या वाटेनं नाही, जे रस्ते सर्वात स्वच्छ असतील त्यांवरूनच जाईल. गाव झाडूनपुसून लख्ख झालं. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगाचा भलामोठा उंदीर होता, आणि शेवटी दोघांनाही जाळलं. आराखडा लोकांना दाखवायचा असतो हे बऱ्याच जणांना समजतं, पण तो लोकांच्या अंगणातून मिरवत न्यायचा असतो, हे गेडीसला समजलं होतं.

मुंबईत पुढे काय झालं ते गेडीसला आवडलं असतं. २४ वॉर्डांत पुन्हा पाहणी झाली, दुरुस्त केलेली माहिती टप्प्याटप्प्यानं लोकांपुढे आली, २०१६च्या मे महिन्यात सुधारित प्रारूप प्रसिद्ध झालं आणि पुन्हा हरकती मागवल्या. सरकारची मंजुरी २०१८च्या मे महिन्यात मिळाली, आराखडा लागू झाला १ सप्टेंबर २०१८ला. २०१४ ते २०३४ साठीचा आराखडा चार वर्षं उशिरा आला, असं कुणी म्हणेल. त्यानं मागचा पाहावा: १९८१ ते २००१ साठीचा आराखडा १९९१ ते १९९४च्या दरम्यान तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाला होता!

हरकत दिल्यानंतरचा टप्पा सुनावणीचा. कायद्याप्रमाणे एक नियोजन समिती नेमतात: स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार. त्यांच्यापुढे माणसं येतात. सोसायटीचे सेक्रेटरी फायलींचं बोचकं घेऊन, गावठाणातली मंडळी घोळक्यानं, बिल्डरचे वकील इस्त्रीच्या शर्टात. प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटं मोजकीच. एकाला मैदान हवं असतं, नेमक्या त्याच जागेच्या मालकाला ते नको असतं, आणि दोघांच्याही अर्जावर सारखाच शिक्का असतो. समितीला ऐकून घ्यावंच लागतं. ऐकून घ्यावं लागतं, मानावं लागत नाही. या दोन्हीतलं अंतर ज्याला कळलं त्याला हा कायदा कळला.

पुणेकरांना ते अंतर चांगलंच कळलेलं आहे. त्यांच्या जुन्या हद्दीचं प्रारूप २०१३ साली आलं आणि सुमारे ८७ हजार हरकती पडल्या, म्हणजे वस्ती मुंबईच्या पाव असून हरकती मुंबईपेक्षा जास्त. (यावर पुणेकरांच्या स्वभावाबद्दलचे विनोद ज्यानं त्यानं आपले आपण करावेत.) सुनावण्या झाल्या, महापालिकेत घोळ चालला, आणि २०१५ साली सरकारनं आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेऊन तीन सदस्यांच्या समितीकडे सोपवला. मंजुरी २०१७च्या जानेवारीत.

मुंबईतही सगळं गोड झालं नाही. ना-विकास क्षेत्राचा आणि मिठागरांचा काही भाग परवडणाऱ्या घरांसाठी मोकळा करायचं अंतिम आराखड्यात राहिलंच, लोक नको म्हणत असताना. आरेतली मेट्रो कारशेडची जागा तर मुख्य आराखड्याची वाट न बघता कलम ३७ खाली फेरबदल करून २०१७ साली वेगळी काढली गेली. त्या फेरबदलालाही हरकती मागवाव्याच लागतात. मागवल्या, आल्या, आणि २०१९च्या ऑक्टोबरात रातोरात झाडं पडली.

तरी त्या कागदांतून आलेल्या काही गोष्टी शीटवर जाऊन बसल्या आहेत. शहराच्या नकाशात बायका कुठं आहेत, असा प्रश्न घेऊन महिला संघटना सुरुवातीपासून मागे लागल्या होत्या. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृहं, मुलं-म्हाताऱ्यांसाठी देखभाल केंद्रं, कौशल्य शिकवणारी ‘आधार केंद्रं’, बेघरांसाठी निवारे: यांच्यासाठी २०३४च्या आराखड्यात आरक्षणं आहेत. ती बांधली जातील की नाही हा पुढचा प्रश्न, आणि त्याला तारीख आहे. कलम १२७ सांगतं की आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मुंबईत ही दहा वर्षं १ सप्टेंबर २०२८ला पुरी होतात. आपल्या वॉर्डातल्या कोणत्या खासगी प्लॉटवर मैदान किंवा आधार केंद्र लिहिलेलं आहे आणि त्यातलं किती ताब्यात आलंय, हे वॉर्ड ऑफिसात लेखी विचारायला त्या तारखेची वाट बघायची गरज नाही. अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का तेवढा मारून घ्यायचा.