सरकारी दवाखाना सुधारायला पैसा येतो कुठून? रोखे, कर्ज आणि आपले प्रश्न

अमरावतीचं नागपुरी गेट असो की अकोल्याचं अकोट फैल, घरात कोणी बिमार पडलं आणि खाजगी दवाखान्याचं बिल झेपत नसलं की आपली वाट ठरलेली असते. अमरावतीत इर्विन आणि डफरीन, अकोल्यात सर्वोपचार आणि लेडी हार्डिंग. सरकारी दवाखाना सुधारला पाहिजे, हे सगळेच म्हणतात. पण बोलणं शेवटी एकाच वाक्यावर येऊन थांबतं, "सरकारकडे पैसाच नाही."

मागे दहावीच्या वर्गात कर आणि बचत शिकवत होतो. एका मुलीने विचारलं, "सर, लोकांनीच सरकारला पैसे उसने दिले तर दवाखाना नाही का बांधता येणार?" प्रश्न साधा वाटतो, पण अगदी बरोबर आहे. जगात काही ठिकाणी असंच होतं.

रोखे म्हणजे काय?

रोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी. सरकार किंवा महापालिका लोकांकडून, बँकांकडून पैसा घेते आणि ठरलेल्या मुदतीत व्याजासह परत करते. अमेरिकेत काही ठिकाणी अशा कर्जासाठी मतदान घ्यावं लागतं. सॅन फ्रान्सिस्को शहरात 2008 साली सरकारी दवाखान्याची भूकंपात टिकेल अशी नवी इमारत बांधायची होती. सुमारे 88 कोटी 70 लाख डॉलरचे रोखे काढायचे का, असं मतदारांना विचारलं गेलं. दोन तृतीयांश मतं लागणार होती, मिळाली त्याहून कितीतरी जास्त. इमारत 2016 मध्ये सुरू झाली. कर्जाची फेड मालमत्ता करातून. म्हणजे लोकांनी "हो" म्हटलं ते स्वतःचा कर वाढू शकतो, हे माहीत असताना.

आपल्याकडे रोखे नाहीत का?

आहेत. पुणे महापालिकेने 2017 मध्ये पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे रोखे काढले, व्याज 7.59 टक्के. त्याआधी नाशिक आणि नागपूर महापालिकांनीही काढले होते. 2015 पासून यासाठी सेबीचे नियम आहेत. हिशेब तपासलेले हवेत, पत चांगली हवी आणि फेड कुठून होणार ते आधी सांगावं लागतं.

मग अकोला किंवा अमरावती महापालिकेने दवाखान्यासाठी रोखे का काढू नयेत? अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली म्हणजे, हे मोठे दवाखाने महापालिकेचे नाहीतच, ते राज्य सरकारचे आहेत. दुसरी फेडीची. पाण्याला पाणीपट्टी असते. गरिबाच्या दवाखान्याला अशी कमाई नसते आणि नसावीही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मग कर्ज फेडायचं ते कराच्या पैशातूनच.

खरं तर ते आजही तसंच चालतं. राज्य सरकार रिझर्व्ह बँकेमार्फत दरवर्षी रोखे विकून कर्ज उभं करतं. तो पैसा राज्याच्या तिजोरीत जातो आणि तिथून रस्ते, धरणं, दवाखाने यांत वाटला जातो. फरक एवढाच की कोणत्या दवाखान्याला किती, हे आपल्याला कोणी विचारत नाही.

व्याजाचं काय?

हा प्रश्न आपल्या घरात येणारच. व्याजाचा रोखा स्वतः विकत घ्यायचा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. पण बिनव्याजी मार्गही जगात आहेत. ब्रिटन सरकारने 2014 मध्ये 20 कोटी पौंडांचे सुकूक काढले. त्यात व्याजाऐवजी सरकारी इमारतींचं भाडं मिळतं. आपल्या केंद्र सरकारचीही एक योजना आहे, ज्यात राज्यांना बांधकामासारख्या भांडवली कामांसाठी 50 वर्षांचं बिनव्याजी कर्ज मिळतं.

इमारत उभी राहिली, पुढे काय?

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. रोखे असोत, कर्ज असो की अनुदान, त्यातून भिंती आणि मशीन येतात. डॉक्टर, नर्स, तंत्रज्ञ, औषधं, वीजबिल हा खर्च दर महिन्याचा आहे. तो कर्जातून नाही, बजेटमधूनच भागवावा लागतो.

अकोल्याचं उदाहरण समोर आहे. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेत इथे सुपर स्पेशालिटी रुग्णालय मंजूर झालं. 150 कोटींचा प्रकल्प, त्यात 120 कोटी केंद्राचे, 30 कोटी राज्याचे. इमारत उभी झाली, पण पदं मंजूर होऊन रुग्णसेवा सुरू व्हायला बराच काळ गेला. अमरावतीलाही 2024 मध्ये 100 जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आनंदाची बातमी आहे. पण अकोल्याचा धडा अमरावतीने आत्ताच लक्षात ठेवायला हवा. कोनशिला दिसते, रिकामी खुर्ची दिसत नाही.

आपण काय करू शकतो?

जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून मंजूर होतो. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य सचिव. जिल्हा परिषदेतून आणि नगर संस्थांतून निवडून आलेले सदस्यही त्यात असतात. राज्याचं बजेट मार्चमध्ये येतं, म्हणून मागणी त्याच्या आधी, हिवाळ्यातच पोहोचली पाहिजे. मार्चनंतर निवेदन देऊन फोटो काढला तर फक्त फोटोच मिळतो.

मागणीही नेमकी हवी. "दवाखाना सुधारा" असं लिहिलं की उत्तर येतं, "प्रयत्न सुरू आहेत." त्यापेक्षा असं विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती? कोणतं मशीन कधीपासून बंद आहे, दुरुस्तीचा करार कोणाकडे? यंदा किती निधी आला, किती खर्च झाला, किती परत गेला? नव्या इमारतीसोबत पदंही मंजूर झाली का?

ही माहिती 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने मागता येते. अर्जाची फी 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. साधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी हा एक अर्ज लिहून पाहावा. मराठीत लिहा, सोपं लिहा. उत्तर आलं की ते घेऊन आपल्या नगरसेवकाकडे, आमदाराकडे जा, आणि सगळ्या समाजांतल्या शेजाऱ्यांना सोबत न्या. दवाखान्याच्या रांगेत तर आपण सगळे सोबतच उभे असतो.

त्या मुलीला मी सांगितलं, "बेटा, पैसे तर आपण देतोच. साबणापासून मोबाईलपर्यंत प्रत्येक खरेदीवर कर भरतो. हिशेब विचारायचं मात्र विसरतो."