देव, पितर आणि भूत : गोंडी आणि चिनी परलोककल्पना

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• गोंडीतील ‘पेन’ व ‘सनाल’ या संज्ञांचे अर्थ स्पष्ट करता येतील.
• त्यांची चिनी परंपरेतील संकल्पनांशी तुलना करता येईल.
• अशा संज्ञांच्या भाषांतरातील अडचणी सांगता येतील.

१. प्रास्ताविक
‘भूत’ हा शब्द आपण भीतीच्या संदर्भात वापरतो. परंतु ‘भूतकाळ’ म्हणताना भीती वाटत नाही. मुळात ‘भूत’ म्हणजे ‘झालेले, होऊन गेलेले’. जो होऊन गेला त्याचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाजाने आपापल्या शब्दांत साठवले आहे. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गोंड आणि माडिया समाजांचे शब्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

२. गोंडी संकल्पना
गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. तीत देवाला ‘पेन’ म्हणतात. कुळाचा थोर देव तो ‘पर्सा पेन’. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे अशी कुळांची विभागणी असून समान देवसंख्येच्या कुळांत विवाह होत नाही. म्हणजेच येथे देव हा नात्यांच्या व्यवस्थेचाही पाया आहे.

मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा तालुका त्या वेळी आदिलाबादेतच होता. त्यांच्या नोंदीनुसार माणसात दोन तत्त्वे असतात. ‘जीव’ भगवंताकडे परततो. ‘सनाल’, म्हणजे मृताचे व्यक्तित्व, योग्य विधींनंतर पूर्वजांत व कुळदेवात सामील होते. ‘सनाल’ या शब्दाच्या मुळाशी ‘मरणे’ या अर्थाचा धातू आहे.

इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमधील माडियांविषयी ग्रिग्सन यांनी १९३८ मध्ये लिहिले. तेथे हाच शब्द ‘हानाल’ असा आढळतो. गोंडीच्या काही बोलींत आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ होतो, काहींत तो लोपतो. मिठासाठी सोवर, होवर, ओवर अशी रूपे मिळतात. मृतांच्या स्मरणार्थ उभ्या केलेल्या शिळा हे या हानालाचे दृश्य स्थान होय.

३. चिनी परंपरेशी तुलना
चिनी परंपरेतही आत्मा एकेरी नाही. ‘हुन’ हा हलका अंश वर जातो, तर ‘पो’ हा जड अंश देहाजवळ, भूमीत राहतो. मृतांना घरात पूर्वजपाटीच्या रूपाने स्थान मिळते आणि एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग सणाला कबरींची साफसफाई होते. ज्यांना अन्नपाणी देणारे वंशज नाहीत, ते ‘ग्वेइ’ म्हणजे भटके मृतात्मे ठरतात. सातव्या चांद्रमासात त्यांनाही नैवेद्य दाखवतात. प्राचीन चिनी कोशकारांनी ‘ग्वेइ’चा अर्थ ‘परतणे’ या समध्वनी शब्दाने उलगडला. तिसऱ्या शतकाच्या आरंभी मरण पावलेला सेनापती ग्वान यू पुढे देवपदाला पोहोचला. देव, पितर आणि भूत ही तीन भिन्न कुळे नसून मृताशी जिवंतांनी राखलेल्या नात्याच्या तीन अवस्था आहेत, असे यावरून म्हणता येते.

द्राविडी भाषांतही याचा प्रत्यय येतो. तमिळ ‘पेय्’ म्हणजे पिशाच्च. कुई भाषेतील ‘पेनू’ म्हणजे देव. गोंडीतील ‘पेन’ही देवच. व्युत्पत्तिकोशात हे शब्द एकत्र नोंदवलेले आहेत.

४. भाषांतराचा प्रश्न
म्हणूनच ‘हानाल’साठी ‘भूत’ हा प्रतिशब्द योजला, तर पूर्वजांचा आदर ‘भुताखेतांची पूजा’ ठरतो. ‘देव’ म्हटले, तर मृताशी असलेले नाते पुसले जाते. ‘पितर’ हा त्यातल्या त्यात जवळचा, पण पूर्ण नव्हे.

हा केवळ कोशातला वाद नाही. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्याच्या २००८ च्या नियमांत पवित्र वृक्ष, देवराया आणि दफन वा दहनभूमी यांना सामूहिक हक्काचा पुरावा मानले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी खोदला जातो. तोच परिसरातील गावांसाठी ठाकूरदेवाचे स्थान आहे. पंचनाम्यात ‘उभे दगड’ लिहायचे की ‘पूर्वजांच्या स्मृतिशिळा’, यावर गावाचा पुरावा अवलंबून राहू शकतो.

५. सारांश
मृत व्यक्ती परकी होते की आपलीच राहते, हे विधी, स्मरण आणि शब्द ठरवतात. म्हणून अन्य समाजाची संज्ञा प्रथम मूळ रूपात नोंदवावी, मग तिचे स्पष्टीकरण द्यावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘सनाल’ आणि ‘हानाल’ यांतील ध्वनिभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. जीव–सनाल आणि हुन–पो या जोड्यांतील साम्य व भेद सांगा.
३. तुमच्या गावातील एखाद्या देवस्थानाचे नाव, त्यामागील कथा व व्यक्ती यांची ज्येष्ठांकडून माहिती घेऊन दहा ओळींत टिपण लिहा.